मावळचा पाऊस आणि मावळचें पाणी



पुणें आणि लोणावळा ह्यांच्या उंचींत अवघा दोनशें फुटांच्या सुमाराचा फरक आहे, आणि अंतर आगगाडीनें पुरतें सत्तर किलोमीटरही नाहीं. असें असून पुण्यास वर्षाकाठीं सुमारें २८ इंच पाऊस पडतो व लोणावळ्यास दीडशें इंचांहून अधिक. ह्याचें कारण उंचींत नसून जागेंत आहे. एक गांव सह्याद्रीच्या कड्यावर बसलें आहे, तर दुसरें त्याच कड्याच्या आडोशास. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा कड्याशीं अडतो, वर चढतां चढतां थंड होतो आणि आपला भार तेथेंच टाकतो. पुण्याकडे उतरतांना त्याच्यापाशीं देण्यासारखें थोडेंच उरतें.

ह्या दोहोंच्या मधला मुलूख तो मावळ. येथील शेतकरी वैशाखाच्या उन्हांत राब भाजतो आणि वळवाची वाट पाहतो. वळीव बहुधा पूर्वेकडून, तिसऱ्या प्रहरीं, गडगडाट करीत व कधीं गारा घेऊन येतो आणि घटकाभरांत ओसरतो. भातास खरा आधार पश्चिमेच्या पावसाचा. तिकडून क्वचित् अनर्थही येतो: ३ जून २०२० रोजीं अलिबागेजवळ किनाऱ्यास लागलेलें 'निसर्ग' चक्रीवादळ घांट चढून मावळांत शिरलें आणि गुलाबाचीं हरितगृहें मोडून गेलें.

चार महिने पाण्याचा महापूर आणि उरलेल्या आठ महिन्यांत कातळावर उतरती कळा, हें येथील वर्षाचें स्वरूप. म्हणून मावळचा इतिहास हा पुष्कळ अंशीं पाणी राखण्याचा इतिहास आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कार्लें, भाजें व बेडसें येथें लेणीं कोरणाऱ्यांनीं भिक्षूंच्या निवाऱ्याजवळच पाण्याचीं टाकीं खोदलीं. वर्षावासांत भिक्षूंनीं प्रवास करावयाचा नाहीं, असा त्यांचा नियम होता. पावसानें त्यांस थांबविलें, आणि त्याच पावसाचें पाणी पुढें उन्हाळ्यांत त्यांस पुरलें. लोहगडावरील नाना फडणविसांचें सोळा कोनी बांधीव तळें त्याच विचाराचें उत्तरकालीन रूप होय.

एकोणिसाव्या शतकांत पावसाशीं उघड सामना झाला. बोरघाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ मध्यें सुरू झालें. पावसाळा आला कीं काम मंदावे आणि मजुरांचे तांडे घाट सोडून जात. सॉलोमन ट्रेडवेल ह्यांनीं १८५९ मध्यें ठेका हातीं घेतला व ते त्याच वर्षीं निवर्तले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल ह्यांनीं तो पार पाडला. १८६१ मध्यें तेथें चाळीस हजारांवर माणसें राबत होतीं. १८६३ मध्यें मार्ग खुला झाला. परंतु चारच वर्षांनीं, १८६७ च्या जुलैंत, घाटांतील एक मोठा दगडी पूल ढासळला. वरून अभंग दिसणाऱ्या बांधकामाचें कच्चेपण अशा रीतीनें उघडें पडलें.

पुढें ह्या पावसालाच कामास लावण्याची कल्पना निघाली. टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें लोणावळा, वलवण आणि शिरवते येथें तलाव बांधले. सतराशें फुटांहून अधिक खोल खोपोलीस नळांतून पाणी सोडून १९१५ मध्यें वीज सुरू झाली व मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालूं लागल्या. ह्या योजनेनें एक मोठा पालट घडविला. इंद्रायणीच्या खोऱ्यांत पडलेलें पाणी निसर्गक्रमानें भीमा आणि कृष्णा ह्यांच्या मार्गें पूर्वसमुद्रास गेलें असतें. तें आतां पाताळगंगेंतून पश्चिमेस, जेथून तें ढग होऊन आलें त्याच समुद्रास, परत जाऊं लागलें.

पुढें पवनेवरही धरण झालें. त्या धरणांतून बंद नळानें पिंपरी-चिंचवडास पाणी नेण्याच्या योजनेस मावळांतील शेतकऱ्यांनीं विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारांत तीन शेतकरी मृत्यू पावले. ऐन श्रावणांत, भातखाचरें तुडुंब भरलेलीं असतां, भांडण पाण्याचेंच होतें! कारण श्रावणांतला शेतकरी चैत्राचा विचार करीत असतो. ज्यांच्या छपरावर पाऊस सर्वांत अधिक कोसळतो, त्यांनाच उन्हाळ्यांत हंडा घेऊन दूर जावें लागतें, हा अनुभव त्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

शहरांतील आपणां सर्वांस दिवा हवा आणि नळासही पाणी हवें. ती गरज खोटी नव्हे. परंतु पावसाळ्यांत लोणावळ्याचे धबधबे पाहून परततांना एवढें ध्यानांत असावें कीं, तें पाणी ज्या गांवांवर पडतें, त्यांचा वांटा अगोदर ठरला पाहिजे. टाकें खोदणाऱ्यानें पहिली ओंजळ तेथें राहणाऱ्यासाठींच राखली होती.