दलाल, दलील आणि जुनी गाडी

काही वर्षांपूर्वी आमची पहिली गाडी विकली तेव्हा मी एक चूक केली. गाडी तेरा वर्षांची होती. इंजिन चढावर तापत असे, रेडिएटरमधलं पाणी दर आठवड्याला कमी होई. ओळखीच्या एका एजंटने येऊन बॉनेट उघडलं, बंद केलं, आकडा सांगितला आणि पैसे मोजले. टीटीओचे फॉर्म समोर ठेवून म्हणाला, "सर, इथे आणि इथे सही करा. नाव, तारीख आम्ही भरून घेतो." मी सही केली. गाडी नेमकी कुठे तापते हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अब्बा ओट्यावर बसून पाहत होते. गाडी गल्लीच्या टोकाला वळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ऐब बताया?"

सव्वा वर्षाने माझ्या मोबाइलवर चलन आलं. मी कधीही न गेलेल्या एका शहरात माझ्या गाडीने सिग्नल तोडला होता. "माझ्या" गाडीने, कारण सरकारदरबारी ती अजून माझीच होती. एजंट म्हणाला, पुढच्या पार्टीला दिली, त्याने आणखी पुढे दिली. दंड किरकोळ होता, मी भरला. पण रात्रभर एकच विचार डोक्यात होता: सिग्नलच्या जागी माणूस असता तर?

जुनी गाडी विकताना दोन गोष्टी हातातून जातात, वस्तू आणि नाव. वस्तूबद्दल आपल्याला जे ठाऊक असतं ते घेणाऱ्याला ठाऊक नसतं. आणि नाव वस्तूबरोबर आपोआप जात नाही, ते काढून घ्यावं लागतं. गाडी थेट विकावी की डीलरला द्यावी, हा प्रश्न आपण फक्त पैशांचा समजतो. इतिहासात मात्र तो या दोन गोष्टींचा आहे, आणि तो मोटारीपेक्षा फार जुना आहे.

आधी शब्द पाहू. वर्गात मी मुलांना सांगतो की "दलाल" आणि "दलील" एकाच अरबी धातूतून आले. मूळ अर्थ वाट दाखवणं. दलील सत्याकडे नेते, दलाल गिऱ्हाइकाकडे. मराठीत मात्र "दलाल" ही जवळजवळ शिवी झाली. वाट दाखवणाऱ्याची ही गत का झाली, याचं उत्तर बाजाराच्या इतिहासात आहे.

मदिनेच्या बाजारातला एक प्रसंग हदीसच्या संग्रहांत आहे. प्रेषित मुहंमद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. वर कोरडं, आत भिजलेलं. विक्रेत्याने पावसाचं कारण सांगितलं. प्रेषितांनी विचारलं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? फसवणारा आमच्यातला नाही, असं ते म्हणाले. यात भिजलेलं धान्य विकायला मनाई नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ते खाली दडवायला मनाई आहे.

दुसरं उदाहरण जनावरांचं. उंटीण किंवा शेळी विकण्याआधी काही लोक तिचं दूध काढत नसत, सड बांधून ठेवत. कास भरलेली दिसली की घेणाऱ्याला वाटे, जनावर दुभतं आहे. घरी नेऊन दोन दिवस धार काढली की खरं कळे. अशा व्यवहारात घेणाऱ्याला तीन दिवसांची मुदत मिळाली: पटलं तर ठेवावं, नाहीतर काढलेल्या दुधाबद्दल एक साअ, म्हणजे ठरावीक माप, खजूर देऊन जनावर परत करावं. पुढे फिक्हच्या अभ्यासकांनी यावर बराच विचार केला आणि दोष लपवून विकलेला माल परत करण्याच्या हक्काला "खियारुल ऐब" असं नाव पडलं. मीटर मागे फिरवलेली, इंजिनवर तेलकट चकाकी मारलेली गाडी म्हणजे सड बांधलेली शेळीच.

मध्यस्थाचं काय? तेव्हा त्याला "सिम्सार" म्हणत. खेड्यातून, वाळवंटातून माल घेऊन येणाऱ्याला बाजारभाव ठाऊक नसतो. त्याचा माल शहरातल्या माणसाने स्वतःच्या हातात घेऊन विकू नये, अशी एक हदीस आहे, आणि तिचा अर्थ सांगताना इब्न अब्बास यांनी हाच शब्द वापरला: त्याचा सिम्सार होऊ नये. दुसऱ्या एका हदीसमध्ये मात्र प्रेषितांनी याच सिम्सार लोकांना "व्यापारी" हे अधिक मानाचं नाव दिलं आणि व्यवहारात उणंदुणं होतंच, म्हणून त्यात दानाची भर घाला, असं सुचवलं. म्हणजे मध्यस्थी मुळात वाईट मानलेली नाही. दुसऱ्याच्या अज्ञानावर जगणं वाईट मानलं आहे.

आता दिल्लीला येऊ. अलाउद्दीन खिलजीच्या काळात (१२९६ ते १३१६) घोडा हे सर्वांत महागडं वाहन होतं आणि त्यावर फौज उभी होती. झियाउद्दीन बरनीने "तारीख-ए-फिरोजशाही"त त्या काळच्या घोडेबाजाराचं वर्णन केलं आहे. पहिल्या प्रतीच्या घोड्याची किंमत १०० ते १२० टंके, दुसऱ्या प्रतीची ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीची ६५ ते ७०, तट्टू १० ते २५. दर ठरवून सुलतान थांबला नाही. घोड्यांचे दलाल हेच बाजाराचे खरे मालक झाले आहेत हे ओळखून त्याने त्यांच्यावर कडक नजर ठेवली. बड्या सौदागरांना या बाजारातून हटवलं, काहींना दूरच्या किल्ल्यांवर धाडलं.

त्याच राजवटीत "दाग" आला. सैनिक सरकारी पैशाने चांगला घोडा दाखवायचा आणि हजेरीला भलताच आणायचा, म्हणून घोड्याच्या अंगावर डाग देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे शेरशाह आणि अकबराच्या काळात दागाबरोबर "चेहरा" आला, म्हणजे माणसाचं लेखी वर्णन. कोणता घोडा कोणाचा, हे आता कागदावर. आपल्या गाडीचा चॅसिस नंबर हा दाग आहे आणि आरसी बुक हा चेहरा. दोन्ही जुळले पाहिजेत, ही अट शेकडो वर्षं जुनी आहे.

महाराष्ट्राच्या गुरांच्या आणि घोड्यांच्या बाजारात दलालाची कला वेगळ्याच रूपात टिकली. सारंगखेड्याच्या यात्रेत आजही घोड्याचे दात पाहून वय काढतात, अंगावरचे भोवरे तपासतात. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली किंवा रुमालाखाली बोटं धरून भाव करायची "हत्ता" पद्धत होती. प्रत्येक बोटाला आकडा. भोवती पन्नास माणसं, पण सौदा दोघांनाच कळे. त्या दोघांत एक दलाल असला तर जनावराच्या मालकालाही खरा आकडा कळेलच असं नाही. शेतमालाच्या बाजारातही हेच चाले. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखालच्या बाजार समित्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला, तो रुमाल काढून घेण्यासाठीच.

मोटारीच्या बाजारात हा रुमाल बरीच वर्षं टिकला. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे गाड्या म्हणजे मुख्यतः अँबॅसॅडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. उत्पादन परवान्यांत बांधलेलं, किमती सरकारने नियंत्रित केलेल्या. पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. परिणाम उलटा झाला. हातात असलेली वापरलेली फियाट नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जाई. वरचे पैसे म्हणजे "ऑन". अशा बाजारात विकणाऱ्याला दोष सांगायची गरजच नसे. घेणारा गाडी मिळाली यातच खूश.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या. नवी गाडी सहज मिळू लागली, तशी जुन्या गाडीची किंमत तिच्या अवस्थेवर ठरू लागली. म्हणजे ऐब पुन्हा महत्त्वाचा झाला. २००१ मध्ये मारुतीने "ट्रू व्हॅल्यू" सुरू केलं. तपासणी करून, वॉरंटी देऊन जुनी गाडी विकायची, ही त्यामागची कल्पना. गेल्या दहा-बारा वर्षांत मोबाइलवरून गाडी घेणाऱ्या कंपन्या आल्या. नावं नवी, काम सिम्सारचंच.

ट्रू व्हॅल्यू सुरू झालं त्याच २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्यांत जॉर्ज अकरलॉफ होते. त्यांच्या गाजलेल्या लेखाचा विषयच जुन्या मोटारी. १९७० मध्ये छापून येण्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. लेखाचं म्हणणं सोपं आहे. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात त्या खराब गाड्या. अकरलॉफ यांनी यावरचे उपायही सांगितले: हमी, कंपनीचं नाव, परवाना. लेखात भारतातल्या सावकारीचीही उदाहरणं आहेत. मला वाटतं, धान्याच्या ढिगात घातलेला हात आणि हा लेख एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. लपवणाऱ्यामुळे फक्त एक गिऱ्हाईक फसत नाही, खऱ्याने वागणाऱ्यालाही भाव मिळेनासा होतो.

हे झालं वस्तूबद्दल. नावाचं काय? मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो की ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर. अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावर ठेवली. अपघातग्रस्ताने खरा मालक शोधत दारोदार फिरावं, हे न्यायालयाला मान्य नव्हतं. ते योग्यच आहे. पण तो पहिला माणूस मीही असू शकलो असतो.

ही फट बुजवण्यासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरला आता आरटीओकडून अधिकृत व्हावं लागतं. गाडी त्याच्याकडे दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये पोर्टलवर जाते आणि तेव्हापासून तोच मालक मानला जातो. सातशे वर्षांनी दलालावर पुन्हा दाग आला, असं म्हणायला हरकत नाही.

तेव्हा थेट विकावं की डीलरला द्यावं? अधिकृत डीलर थोडा कमी भाव देतो. त्या फरकात त्याची दुरुस्ती, वॉरंटी आणि नफा असतो. तुम्हाला मिळतो तो वेळ आणि २९सी ची पावती. ही पावती नसेल तर कमी भाव घेऊन तुम्ही काहीच मिळवलेलं नाही. थेट विकलं तर चार पैसे जास्त मिळतात, पण मग वाट दाखवण्याचं काम तुमचंच. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. जुनी चलनं भरलेली, फास्टॅग बंद केलेला. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद, दोन साक्षीदार. आणि कोऱ्या फॉर्मवर सही कोणाच्याही शब्दावर नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. हे मी इतकी वर्षं वाचत आलो आणि सही मात्र कोऱ्यावर केली.

गेल्या वर्षी दुसरी गाडी विकली. घेणारा शेजारच्या तालुक्यातला तरुण शिक्षक, बायकोला घेऊन आला होता. चक्कर मारून झाल्यावर मी त्याला सांगितलं की तिसऱ्या गिअरला आवाज येतो, आणि मागचा उजवा दरवाजा एकदा ठोकून रंगवलेला आहे. तो गप्प झाला. मग त्याने बारा हजार कमी केले. मला ते लागले, खोटं कशाला बोलू. पण त्यानेच विचारलं, "सर, आणखी काही?" मी म्हटलं, "नाही." त्याने त्यावर विश्वास ठेवला. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं आरटीओत बरोबर रांगेत उभे राहिलो.

घरी आल्यावर अब्बांनी काही विचारलं नाही. मीच सांगितलं.