शाळा सुरक्षित आणि आपलीशी कशी करायची? डहाणू-तलासरीच्या पालकांसाठी माहिती

डहाणू/तलासरी : शाळा म्हणजे सरकारचं काम, आपण काय बोलणार, असं पाड्यापाड्यांत ऐकू येतं. पण शाळा कशी असावी हे ठरवण्यात कायद्याने पालकांना वाटा दिला आहे.

समितीत कोण असतं?
शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते.

शाळेत काय असलंच पाहिजे?
- मुलामुलींसाठी वेगळी शौचालये
- पिण्याचं सुरक्षित पाणी
- पोषण आहारासाठी स्वयंपाकघर
- मैदान आणि कुंपण
- अपंग मुलालाही वर्गापर्यंत जाता येईल अशी वाट

मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं, दोन्हीला कायद्याने बंदी आहे.

भूकंपाचा भाग
नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून पळताना पडून एका लहान मुलीचा जीव गेला. तेव्हा अनेक शाळा तंबूत, मोकळ्यावर भरल्या. म्हणून धक्का बसताच धावाधाव नको. बाकाखाली बसायचं, डोकं झाकायचं, हलणं थांबलं की रांगेने मैदानात यायचं. याचा सराव मुलांकडून वरचेवर करून घ्यावा. जड कपाट भिंतीला पक्कं बांधावं, दारासमोर सामान ठेवू नये. भिंतीला तडा दिसला तर फोटो काढून मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावं.

कोसबाडने काय केलं?
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला आलं. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत हे त्यांनी पाड्यात जाऊन पाहिलं. मुली घरी लहान भावंडं सांभाळत होत्या, पोरं गुरं चारत होती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणल्या. गुराख्यांसाठी कुरणशाळा चालवली. आधी लोकांची अडचण बघितली, मग तशी शाळा उभी केली. आजही पहिलीतल्या पोराला बाईंशी वारलीत बोलता आलं तर त्याची भीती निम्मी होते.

आराखडा कसा करायचा?
१. पालक, शिक्षक, मुलं मिळून शाळेत फेरी मारा. मुलांना विचारा, भीती कुठे वाटते? अंधारी पडवी, साप निघणारं गवत, ओढा, हायवे ओलांडण्याची जागा, सगळं लिहा.
२. मुलींशी बाईंनी वेगळं बोलावं. शौचालयाला कडी आहे का, पाणी येतं का, हे त्याच सांगतील.
३. दोन याद्या करा. गवत काढणं, कडी बसवणं अशी कामं श्रमदानाने होतात. कुंपण, छप्पर, दुरुस्ती यांना निधी लागतो.
४. निधीची कामं ग्रामसभेत मांडा. दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात आहेत. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पेसाच्या ५ टक्के निधीतून शाळेची कामं घेता येतात. ठराव लिहून घ्या, प्रत जवळ ठेवा.
५. पुढच्या बैठकीत आधी जुनी यादी वाचा. काय झालं, काय राहिलं, ते नोंदवा.

मुलाला मारहाण झाली, कुणी छेडलं किंवा तो धोक्यात असेल तर १०९८ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो. तो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.