उघड्या दाराची प्रार्थना

पंडिता रमाबाईंच्या धैर्याची गोष्ट सांगताना विरोधक म्हणून पुण्यातले सनातनी आणि ‘केसरी’ उभे करणे सोपे असते. पण बाई भांडल्या त्या दोन आघाड्यांवर, आणि पहिले भांडण झाले ते चर्चशीच.

ग्रंथ वाचायचा आणि वाचलेल्याला प्रश्न विचारायचा, हे त्यांचे घरचे वळण. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला होता. त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, लेकीकडून भागवत पाठ करून घेतले. तीर्थोतीर्थी पुराण सांगून पोट भरणाऱ्या या कुटुंबातले आईवडील दुष्काळात गेले. रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस होते.

पुढे त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथल्या वाँटेज येथे त्यांनी चिमुकली लेक मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. ‘सत्सार’ ही पुस्तिका काढून उघडपणे त्यांची बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी.

तिकडे वाँटेजच्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना वाटले होते, शिष्या आता मुकाट्याने शिकेल. शिष्येने बायबल उघडून त्रैक्याच्या सिद्धान्तावरच वाद घातला. चर्च सांगते म्हणून नव्हे, शास्त्रात सापडले तरच मानीन, हा त्यांचा हट्ट. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही विचारून झाले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले; त्यावर बाईंनी लिहिलेली पत्रे आजही झणझणीत लागतात.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. विधवांना शिकवायचे, धर्म लादायचा नाही, अशी अट होती. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवून. ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. दार बंद करायला बाईंनी साफ नकार दिला. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांचा संशय अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. सदनातल्या काही मुलींनी पुढे बाप्तिस्मा घेतलाच. पण यात लपवाछपवी नव्हती, एवढे बाईंच्या पदरात टाकले पाहिजे.

पुढे दुष्काळातल्या अनाथ मुली व विधवा रमाबाईंनी केडगावला काढलेल्या ‘मुक्ती’ या आश्रमात जमल्या. त्यांच्यासमोर रूढ मराठी बायबल ठेवले, तर ते संस्कृतप्रचुर. खेड्यातल्या बाईला कळायचे नाही. म्हणून रमाबाई उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून स्वतः भाषांतराला बसल्या. ज्या संस्कृतने त्यांना कीर्ती दिली, तेच त्यांनी बाजूला सारले! हे काम जवळजवळ दोन दशके चालले. त्यात १९२१ मध्ये मनोरमा वारली.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवण्यापासूनची त्याची कामे ‘मुक्ती’तल्याच बायकांनी केली.