दारावरचा पहारा
न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जिथे संकटसमयी पोलिसांची मदत विलंबाने येई, तिथे कामाच्या अनियमित वेळांमुळे पुष्कळदा एकटीच घरी असणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने, विद्युत्-तंत्रज्ञ पती अल्बर्ट याच्या साहाय्याने, स्वतःच्या दाराचा बंदोबस्त योजिला. दारात एकाखाली एक चार छिद्रे, त्यांमागे खालीवर सरकणारा कॅमेरा, शयनगृहात चित्रपडदा, आगंतुकाशी संभाषणाची सोय, दुरूनच कुलूप उघडणारी कळ आणि धोक्याची वर्दी देणारी दुसरी, अशी ती रचना होती; उंच पुरुषापासून बालकापर्यंत प्रत्येकाचा चेहरा दिसावा हा त्या छिद्रांमागील सूक्ष्म विचार मला विशेष थोर वाटतो. १९६६ मध्ये दाखल झालेला एकस्वाचा अर्ज २ डिसेंबर १९६९ रोजी मंजूर झाला. घरगुती सुरक्षा-कॅमेऱ्यांच्या इतिहासात अग्रमान या दांपत्याचाच आहे.