नाट्यपदाची ध्वनिमुद्रिका आणि झाडीपट्टीचा रंगमंच

मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गाला गोंदियाचा रस्ता जेथे येऊन मिळतो, तेथे कोहमारा हे गाव वसलेले आहे. सडक अर्जुनी तालुक्यातील हा भाग पूर्वी भंडारा जिल्ह्यात मोडत असे; १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा निराळा झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या व वनांच्या या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने येथे रात्ररात्र नाटके होतात आणि पेटी-तबल्याच्या साथीवर नट-नटी प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष गातात. उर्वरित महाराष्ट्रातील बहुसंख्य श्रोत्यांना मात्र नाट्यपदाचा परिचय झाला तो मुख्यत्वे ध्वनिमुद्रिकेवरून. नाट्यपद रंगमंचावरून तबकडीवर गेले तेव्हा त्यातील काय टिकले व काय गळाले, हा प्रश्न या भेदातूनच उपस्थित होतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, त्यात सुमारे दोनशे पदे होती. या पदांच्या चाली साकी, दिंडी, लावणी, कीर्तन, कानडी नाट्यपदे अशा नाना ठिकाणांहून घेतलेल्या होत्या, आणि छापील नाटकात पदाच्या माथ्यावर चालीचा निर्देश करण्याचा प्रघात होता. पुढे ‘मानापमान’ (१९११) नाटकास गोविंदराव टेंबे यांनी, तर ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकास भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याचे लालित्य आणले, बखल्यांनी ख्यालातील बंदिशींचा भारदस्तपणा आणला. तात्पर्य, नाट्यपदाची चाल ही प्रारंभापासूनच प्रवासी होती. ती एका ठिकाणाहून उचलली जाऊन नाटकात येई. मग नाटकातून उचलली जाऊन ती तबकडीवर गेली, यात स्वभावविरुद्ध असे काही नव्हते.

विरोध होता तो काळाच्या मापाचा. भारतात ध्वनिमुद्रणास १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात आरंभ झाला. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गायन मावत असे. रंगमंचावर बालगंधर्व (१८८८–१९६७) एकच पद ‘वन्समोअर’च्या आग्रहाने पुनःपुन्हा आळवीत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. तबकडीवर तेच पद आटोपशीर करावे लागले. आलापाचा पसारा गेला. प्रवेशाचा संदर्भ गेला. रुक्मिणी कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून गात आहे हे कळण्याचे साधन उरले नाही. परंतु या सक्तीने एक इष्ट परिणामही घडविला. पदाचा मुखडा व त्याची नेमकी घडण प्रथमच स्थिर झाली, आणि ज्यांनी गंधर्व नाटक मंडळीचा एकही प्रयोग पाहिला नव्हता, त्यांच्या घरी ते पद पोहोचले. १९३१–३२ पासून बोलपटांचे युग सुरू होऊन नाटक मंडळ्या मोडकळीस आल्या. तेव्हा नाट्यसंगीताची स्मृती जिवंत ठेवण्याचा मोठा भार या तबकड्यांनी वाहिला.

अन्यत्रही असेच घडल्याचे दिसून येते. अमेरिकेत १९४८ साली दीर्घकाल वाजणारी तबकडी निघाली. १९५६ साली एला फिट्झेराल्ड या गायिकेने कोल पोर्टर या रचनाकाराची गीते एका संग्रहात ध्वनिमुद्रित केली. त्यांतील पुष्कळशी मूळची न्यूयॉर्कच्या संगीतिकांतील वा चित्रपटांतील होती. अनेक मूळ संगीतिका विस्मरणात गेल्या, गीते मात्र सर्वमान्य ठरली. मात्र येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावयास हवा. त्या संग्रहांवर रचनाकाराचे नाव ठळक असे. मराठी श्रोता पद ओळखतो ते बालगंधर्वांचे किंवा दीनानाथांचे म्हणून. अमेरिकन संग्रहात रचना प्रमाण मानली गेली. मराठी परंपरेत गळा प्रमाण मानला गेला.

विदर्भाच्या दृष्टीने वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. मूर्तिजापूर येथे जन्मलेले व नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले वसंतराव दीनानाथांच्या गायकीने भारले गेले होते. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. जितेंद्र अभिषेकी यांनी त्यास संगीत दिले आणि वसंतरावांनी खाँसाहेबांची भूमिका केली. या नाटकाची पदे ध्वनिमुद्रिकांद्वारे घरोघरी गेली. परंतु ती ऐकताना प्रतिस्पर्धी घराण्यांचा संघर्ष ठाऊक नसेल, तर त्या तानांतील ईर्षा केवळ गळ्याची तयारी वाटते. नाट्यपदाचा अर्थ नाटकाच्या आश्रयाने उभा असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे मौल्यवान साधन आहे, पण ते निवडक साधन आहे. यंत्र जेथे पोहोचले आणि विक्रीची खात्री जेथे होती, तेथलेच गायन प्रामुख्याने मुद्रित झाले. केवळ तबकड्यांच्या आधारे मराठी नाट्यसंगीताचा इतिहास लिहावयाचा ठरविल्यास तो मुख्यतः पुण्या-मुंबईचा व काही थोर गळ्यांचा इतिहास होईल. झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्याने या परंपरेकडे उशिरा का होईना लक्ष गेले. तेथील गाणे आता शुद्ध नाट्यपदापुरते उरलेले नाही. त्यात लोकगीत, लावणी व चित्रपटगीताच्या चाली मिसळल्या आहेत. पण अनेक ठिकाणच्या चाली घेण्याची हीच रीत १८८० साली किर्लोस्करांचीही होती. म्हणून अभ्यासकाने या मिश्रणास ऱ्हास म्हणण्याची घाई करू नये. तबकडीने पदाचे रूप जपले. पद नाटकात कसे नांदते, हे मात्र कोहमाऱ्याच्या परिसरातील मंडपात बसूनच पाहावे लागते. यांपैकी एका साधनाने दुसऱ्याची उणीव भरून काढल्यावाचून नाट्यसंगीताचा इतिहास पुरा होणार नाही.