हरवलेल्या पार्सलांचे पत्ते

1978 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या शामोनी गावाजवळ, बोसाँ हिमनदीच्या पायथ्याशी, एका पोलीस शिपायाला मळकट बर्फात कागदांचा लगदा दिसला. उलगडून पाहिलं तर पत्रं. तिकिटं भारताची आणि शिक्के 1950 सालचे. 3 नोव्हेंबर 1950 रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला जाताना मों ब्लाँवर आदळलं होतं. 48 जणांचा जीव गेला. प्रवाशांत बहुतेक भारतीय खलाशी होते, इंग्लंडात बोटीवर रुजू व्हायला निघालेले. 8 जून 1948 रोजी मुंबई-लंडन मार्गावरचं पहिलं उड्डाण याच विमानाने केलं होतं. त्यातलं टपाल हिमनदीने 28 वर्षं पोटात ठेवलं आणि इंचाइंचाने खाली आणून दिलं. सापडलेल्या पन्नासेक पत्रांपैकी बरीचशी मूळ पत्त्यांवर पुन्हा रवाना करण्यात आली.

परदेशी धाडलेलं पार्सल पोचलं नाही की घरात पहिला संशय टपालवाल्यांवर जातो. ‘मध्येच कोणीतरी हाणलं’ हे ठरलेलं वाक्य. ते कधी खरंही असतं. पण गेल्या दीडशे वर्षांचा हिशोब मांडला तर बहुतेक पार्सलं हवेत विरलेली नसतात. कुठल्यातरी नेमक्या ठिकाणी पडून असतात. ते ठिकाण मात्र काळाप्रमाणे बदलत गेलेलं दिसतं.

सुरुवातीला हे ठिकाण म्हणजे समुद्राचा तळ. 1868 पासून मुंबई आणि इंग्लंड यांच्यात दर आठवड्याला टपाल सुरू झालं, पुढच्याच वर्षी सुएझ कालवा उघडला आणि पी अँड ओ कंपनीच्या टपालबोटींवर साऱ्या मुंबई इलाख्याचं घड्याळ चालू लागलं. विलायतेला नातेवाईक असणं ही तेव्हा मुख्यतः साहेबाच्या घरची गोष्ट. मराठी घरातलं माणूस साता समुद्रापार, हा प्रकार विरळा. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातच नोकरीला होते. संसाराचा अर्धा भाग टपालावर चालवणारं हे बहुधा पहिलंच प्रसिद्ध मराठी जोडपं.

30 डिसेंबर 1915 रोजी ‘पर्शिया’ ही टपालबोट मुंबईकडे येताना क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. प्रवासी दुपारच्या जेवणाला बसले होते. तीनशेहून अधिक माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर टपालाच्या थैल्याही. पुढची ‘इजिप्त’ ही बोट युद्धाने नव्हे, धुक्याने घेतली. लंडनहून मुंबईला निघालेली ही बोट 20 मे 1922 रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘सीन’ नावाच्या फ्रेंच मालवाहू बोटीशी टकरून बुडाली. तिच्यात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचं सोनं-चांदी होतं. विमा कंपन्यांनी पैसे भरले होते, त्यामुळे शोध थांबला नाही, आणि दहा वर्षांनी ‘आर्तिल्यो’ या इटालियन जहाजावरच्या पाणबुड्यांनी शंभर मीटरहून खोल पाण्यातून सोनं वर काढायला सुरुवात केली. सोन्याबरोबर वर आल्या त्या हैदराबादच्या निजामाने इंग्लंडात छापून घेतलेल्या कोऱ्या नोटा. मराठवाड्याच्या बाजारात फिरायच्या त्या नोटा आज संग्राहकांच्या अल्बममध्ये आहेत. कुणी कुणाला पाठवलेल्या साध्या भेटीसाठी मात्र इतक्या खोल कोण उतरणार? विमा नसलेली वस्तू शोधायला पाणबुडे लावत नाहीत.

हा फरक कायद्यातही पक्का होता. 1898 च्या भारतीय टपाल कायद्याच्या सहाव्या कलमाने सरकारने स्वतःला मोकळं करून घेतलं: टपालातली वस्तू हरवली, भलत्याच्या हाती गेली, उशिरा पोचली किंवा मोडली, तर सरकार जबाबदार नाही, जिथे सरकारने स्वतःहून जबाबदारी घेतली असेल तेवढाच अपवाद. टपाल कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा मुद्दाम केलं असेल तरच तो बांधील. सव्वाशे वर्षं हे कलम टिकलं. 2023 चा नवा टपाल कायदा जून 2024 मध्ये लागू झाला, त्यातही ही सूट थोड्या वेगळ्या शब्दांत कायम आहे. पावती म्हणजे हमी, असं समजणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कलम काउंटरवर कोणी वाचून दाखवत नाही.

समुद्राखालोखाल पार्सलांचं दुसरं ठिकाण जमिनीवरचं, सरकारी आणि रुक्ष: डेड लेटर ऑफिस, पुढे ज्याचं नाव रिटर्न्ड लेटर ऑफिस झालं. पाठवणाराही सापडत नाही आणि घेणाराही, अशी वस्तू इथे यायची आणि पत्ता शोधण्यासाठी इथले अधिकारी ती उघडायचे. नाशवंत नसलेली, विकण्याजोगी चीज निघाली तर 1898 च्या कायद्याप्रमाणे ती वर्षभर सांभाळायची. हक्क सांगायला कोणी आलं नाही तर विकून टाकायची. म्हणजे हरवलेली शाल बारा महिने एका फडताळात घडी करून ठेवलेली असायची आणि मालकाला त्याचा पत्ताच नसायचा.

पार्सलावरचा पत्ता जायचा कसा, हे कळायला ते बांधायचे कसे ते पाहायला हवं. मुंबईच्या जीपीओबाहेर पार्सल शिवणाऱ्यांची बैठक असायची. खोका पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळायचा, दाभणाने जाड दोऱ्याची टीप घालायची, कोपरे दुमडून आवळायचे, आणि शिवणीवर ठिकठिकाणी वितळलेल्या लाखेचे थेंब पाडून त्यावर शिक्का दाबायचा. शिवण उसवली तर लाख फुटणार आणि चोरी उघडी पडणार, ही त्यातली मेख. व्यवस्था चोराला भारी पडायची, पावसाला नाही. कापडावर पेनाने लिहिलेली अक्षरं दमट गोदीत पसरायची. म्हणून जाणती माणसं पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाकत. रिटर्न्ड लेटर ऑफिसात पार्सल उघडलं गेलं तर तीच कामी यायची.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने इंग्लंड-अमेरिकेला जाऊ लागले आणि त्यांच्यामागे चकल्यांचे डबे निघाले. मुहूर्त वाईट होता. 5 जून 1967 रोजी अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि सुएझ कालवा बंद झाला, तो बरोबर आठ वर्षांनी 5 जून 1975 रोजी उघडला. कालव्यात पंधरा परदेशी बोटी अडकून पडल्या. वाळूचा थर साचून त्यांचा रंगच बदलला. कंटाळलेल्या खलाशांनी तर स्वतःची टपाल तिकिटंही काढली. इकडे युरोपला जाणाऱ्या बोटींना आफ्रिकेला वळसा घालावा लागे. विमान टपालाचं वजन परवडत नसे, म्हणून डबा बोटीनेच जायचा. त्यामुळे दिवाळीचा फराळ गणपतीतच करायला घ्यावा लागे. शंकरपाळे हा प्रवास सहज सोसतात, बेसनाचे लाडू कसेबसे. अनारशांनी मात्र परदेशगमनाचा नाद सोडावा, हे बरं.

विमानं वाढली तसं तळाला जाण्याचं भय ओसरलं. पार्सलाला नंबर मिळाला: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं. भारतासाठी आयएन. नऊपैकी शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून गणित करून काढलेला असतो, टाइप करताना झालेली चूक पकडण्यासाठी. हा नंबर संगणकात टाकून पार्सल मुंबईच्या फॉरेन पोस्टातून सुटलं इथपर्यंत कळतं. पलीकडच्या देशाने नोंद करेपर्यंत मग पडद्यावर काहीच हलत नाही, आणि घरातले लोक रोज तोच नंबर टाकत बसतात.

नुकसानभरपाईचे नियमही आहेत, जागतिक टपाल संघाचे. भारत या संघात 1876 पासून आहे. तक्रार सहा महिन्यांच्या आत करावी लागते. वस्तूच्या मूळ स्वभावामुळे झालेल्या नुकसानीला भरपाई नाही. चकली मोडणं हा चकलीचा स्वभावच आहे, असं कोणी म्हटलं तर वाद घालणं कठीण. त्यात आपली एक जुनी खोड आड येते. कस्टम्सच्या फॉर्मवर किंमत मुद्दाम कमी लिहायची, ड्यूटी वाचावी म्हणून. मग पार्सल गेलं की तीच कमी किंमत तक्रारीच्या कागदावर उभी राहते. पार्सलाच्या फॉर्मवर आणखी एक रकाना असतो: न पोचल्यास परत पाठवावं की सोडून द्यावं? परतीचा खर्च नको म्हणून ‘सोडून द्यावं’वर खूण करणारे आहेत. अशी पार्सलं हरवत नाहीत, पाठवणाऱ्याच्या सहीने टाकून दिली जातात.

आता पार्सलं अडतात ती सीमेवर. 2001 च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांची पूर्वसूचना सक्तीची केली. पण स्वतःच्या घरी करून, खासगी भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला तिने त्यातून वगळलं. आईच्या हातच्या चिवड्याला कायद्यात जागा मिळाली, असं म्हणायला हरकत नाही.

2025 मध्ये ती जागा वेगळ्याच कारणाने आक्रसली. 800 डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली ड्यूटीची माफी अमेरिकेने ऑगस्टअखेर काढून घेतली. ही ड्यूटी कोणी, कशी गोळा करायची याचा मेळ बसेना, विमान कंपन्या माल घेईनात, आणि भारतीय टपाल खात्याने अमेरिकेचं बुकिंग थांबवलं. ऐन गणपतीत. फराळाचे खोके घेऊन आलेले लोक काउंटरवरून माघारी गेले. बुकिंग पुन्हा सुरू झालं ते 15 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन आठवड्यावरही नसताना. तेव्हाचा नियम असा होता, की ड्यूटी इथेच, बुकिंगच्या वेळी भरायची, लिहिलेल्या किमतीच्या 50 टक्के. टपालखर्च वेगळा, आणि डबा पोचणार होता तो फार तर तुळशीच्या लग्नाला.