भूल देण्याआधीचे प्रश्न

मालवणचा एखादा रुग्ण हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातो. भूलतज्ज्ञ त्याला विचारतात, "जिना चढताना दम लागतो का? मधुमेह, रक्तदाब आहे का?" हर्नियाशी या प्रश्नांचा काय संबंध, असे आपल्याला वाटते.

भुलेची औषधे हृदय व श्वसन यांवर परिणाम करतात. त्यांतील अनेकांचा निचरा यकृत व मूत्रपिंडे करतात. म्हणून शस्त्रक्रिया लहान असली, तरी सोबतचा आजार जिवावर बेतू शकतो.

डॉक्टरांना हे अनुभवाने ठाऊक होते. पण नोंद कशी ठेवायची? एखाद्या रुग्णालयात मृत्यू जास्त झाले, तर दोष भुलेचा, की तेथे येणारे रुग्णच अधिक आजारी? १९४१ मध्ये अमेरिकेतील साक्लाड, रोवनस्टाइन व टेलर यांनी मार्ग सुचवला. शस्त्रक्रियेचा एकूण धोका मोजण्याचा प्रयत्न त्यांनी सोडून दिला. कारण तो शस्त्रक्रियेच्या प्रकारावर व शल्यविशारदाच्या कौशल्यावरही अवलंबून असतो. त्यांनी फक्त रुग्णाच्या शारीरिक अवस्थेच्या श्रेणी ठरवल्या. १९६० च्या दशकात सुधारलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात. एरवी निरोगी असलेला रुग्ण पहिल्या श्रेणीत, मधुमेह आटोक्यात असलेला दुसऱ्या श्रेणीत येतो.

एकाच रुग्णाला दोन डॉक्टर कधी वेगळी श्रेणी देतात, ही तिची उणीव आहे. तरीही मोजण्याआधी काय वगळायचे हे ठरवावे लागते, हे वर्गात समजावताना आपल्याला हे उदाहरण उपयोगी पडेल. आणि दम लागत असेल, तर तो भूलतज्ज्ञांपासून लपवू नये, हेही सांगता येईल.